आठखांबी मंडपाचं परराष्ट्र धोरण

१ सप्टेंबर, सकाळ
आजपासून रोजनिशी. मोठ्या राष्ट्रांना दप्तरखाना असतो, मग मोठा विचार करणाऱ्या माणसाला का नसावा? कुणी वाचावी म्हणून नाही. तरी अक्षर जपून काढतो आहे.
नोंदीपुरतं: मी छिऊ योङनियान, तिसऱ्या माध्यमिक शाळेतला निवृत्त राज्यशास्त्र शिक्षक. हानशुई नदीकाठच्या बागेत एक आठखांबी मंडप आहे. रोज सकाळी तिथे मी जग समजावून सांगतो.
आजचा विषय: परदेशांतली आपण बांधलेली बंदरं. श्रोते: थाङदादा, गेङ न्हावी, म्हातारा फेइ आणि थाङदादाच्या पिंजऱ्यातला कस्तूर पक्षी. फेइ कानातलं यंत्र घरी विसरला होता, तरी त्याने दोनदा टाळ्या वाजवल्या. खऱ्या विचाराला कान लागत नाहीत.
संकल्प: आवाज चढवायचा नाही. राष्ट्र जितकं बलाढ्य तितकं ते हळू बोलतं.

२ सप्टेंबर
बायकोने, ल्यानइंगने, वांगी आणली. घरात मला व्हेटो आहे. वापरला. वांगी झाली. मग मी तटस्थ राहिलो आणि दोन वाट्या भात खाल्ला.

४ सप्टेंबर
आक्रमण!
चौकातलं मैदान गटाराच्या पाइपासाठी खणलं आहे, म्हणून तिथे नाचणाऱ्या बायका लाऊडस्पीकर घेऊन थेट मंडपात. लाल जाकिटं, लाल पंखे. म्होरक्या हाओताई: मूळच्या तिकडच्या, ईशान्येच्या, हार्बिनच्या. निवृत्त बस कंडक्टर. मी मलाक्काच्या सामुद्रधुनीत पोचलो होतो, तेवढ्यात ढोल सुरू झाला. आवाज चढवला. (१ तारखेचा संकल्प शांततेच्या काळासाठी होता.)
हाओताई म्हणाल्या, गुरुजी, जरा सरकता का, गिरकीला जागा लागते. मी म्हणालो, या मंडपावर माझा ऐतिहासिक हक्क आहे, निवृत्त झाल्यापासून मी इथेच बसतो, घरी फोटो आहे. त्या म्हणाल्या, मग फोटोला घरी बसू द्या, तुम्ही त्या खांबाला टेका.
टेकलो. ही माघार नव्हे. खांब मंडपाचाच भाग आहे.

५ सप्टेंबर
फोटो सापडला. मंडप स्वच्छ दिसतो. मी थोडा कापला गेलो आहे. कोपर मात्र निःसंशय माझं.
पहिल्या पायरीचा निषेध लेखी दिला: 'खेद'. हाओताईंनी त्या कागदाने वारा घेतला. उद्या 'तीव्र खेद'. कागद जरा पातळ वापरावा.

६ सप्टेंबर
थाङदादाने भाजलेले चेस्टनट पुढे केले. नको म्हणालो. पुन्हा केले. नको. तिसऱ्यांदा त्याने खिशातच कोंबले, तेव्हा नाइलाजाने घेतले. याला संस्कृती म्हणतात. आपलं परराष्ट्र धोरणही वर्षानुवर्षं याच पायावर उभं होतं: तेज झाकावं, वेळ येऊ द्यावी, पुढारपण स्वतःहून मागू नये. दोनदा नको म्हणावं. तिसऱ्यांदा जग खिशात कोंबतंच.

८ सप्टेंबर
बोलण्याचा काळ संपला. लांब दांड्याचा कुंचला बादलीत बुडवून म्हातारी माणसं फरशीवर पाण्याने सुविचार लिहितात, तोच कुंचला आज मी सीमारक्षणासाठी उचलला. मंडपाभोवती रेषा काढली. तुटक काढली, कारण अखंड रेषेला पाणी पुरेना. थाङदादाने विचारलं, गुरुजी, ही नेमकी कुठून कुठे जाते? मी म्हणालो, ते मुद्दाम संदिग्ध ठेवलं आहे.
मग ऊन आलं. रेषा वाळली. बायका वाळलेल्या रेषेवरून आत आल्या. हाओताईंना म्हणालो, ही रेड लाइन आहे. त्या म्हणाल्या, कुठंय? मी म्हणालो, होती.
रेषा वाळते. तत्त्व वाळत नाही.

१० सप्टेंबर
आपल्या देशाचा शिक्षक दिन. एकतीस वर्षं शिकवलं. एका विद्यार्थ्याचा फोन आला. विमा विकतो.

१२ सप्टेंबर
ल्यानइंगला शत्रूच्या गोटात निरीक्षक म्हणून पाठवलं. (ती आठवडाभर आधीपासूनच जात होती, पण अधिकृत मंजुरी मी आज दिली.) तिने पांढरे बूट घेतले आहेत. वेषांतर चोख हवं. संध्याकाळी तिला अहवाल मागितला. ती म्हणाली, गुडघा मोकळा झाला. विचारलं, आणि त्यांचे मनसुबे? ती म्हणाली, मनसुबे कसले, म्हातारोबा, सोमवारपासून नवीन गाणं आहे.
हे महत्त्वाचं आहे. 'नवीन गाणं' याखाली दोनदा रेघ मारली.

१४ सप्टेंबर
मित्रराष्ट्रं फुटू लागली. हाओताई नाचानंतर चहात उकडलेली अंडी आणि गरम सोयादूध वाटतात. गेङ न्हावी 'फक्त अंड्यापुरता' म्हणून गेला तो दुसऱ्या रांगेत उभा राहिला. त्याला खडसावलं: अरे, आपण परदेशात रेल्वे बांधतो ते सहकार्य, दोन्ही बाजूंचा लाभ! ही अंडी म्हणजे निव्वळ प्रभाव विकत घेणं! तो म्हणाला, गुरुजी, तुम्ही आम्हाला इतकी वर्षं आफ्रिका दाखवलीत, पण कधी अंडं दाखवलं नाहीत.
तपासणीसाठी एक अंडं खाल्लं. मीठ जास्त होतं. दुसरं बरं होतं.

१६ सप्टेंबर
आज अक्षर जपत नाही.
वस्ती समितीच्या सचिव, निएबाई, घरोघर सांगून गेल्या: टांझानियातलं एक बंदरगाव आपल्या शहराशी मैत्रीचा करार करणार. त्यांचं शिष्टमंडळ २८ तारखेला येतं आहे. नदीकाठी फिरेल, आणि मंडपात थांबेल.
माझ्या मंडपात!
इथे खरं लिहायला हरकत नाही. मी आयुष्यभर जग शिकवलं आणि प्रांताबाहेर दोनदाच गेलो, दोन्ही वेळा लग्नाला. परदेशी माणसाशी आजवर एक शब्द बोललेलो नाही. एकदा लांबून एक गोरा पर्यटक दिसला होता. तोंड उघडेपर्यंत बस सुटली. जगाला सांगायचं इतकं साठलं आहे की छातीत मावत नाही. एकदा, फक्त एकदा, समोर बाहेरचा माणूस हवा.
स्वागताचं भाषण तयार आहे. खरं तर १९९३पासून तयार आहे. देशाचं नाव तेवढं घालायचं.

१८ सप्टेंबर, दुपार
विजय दारात आला. अक्षरशः. हाओताई सूर्यफुलाच्या बिया घेऊन घरी आल्या. म्हणाल्या, छिऊ गुरुजी, २८चा कार्यक्रम समितीने माझ्यावर टाकलाय. आम्हाला नाचता येतं, बोलता येत नाही. आधी तुम्ही पाच मिनिटं बोला, मग आम्ही नाचू.
चेहरा कोरा ठेवला. म्हणालो, छे छे, माझी कसली योग्यता. त्या म्हणाल्या, अहो बोला की, तुम्ही तर रोज बोलता. म्हणालो, नको, खरंच नको, दुसरा कुणी लायक माणूस बघा.
दोनदा झालं. मी तिसऱ्यासाठी मान किंचित झुकवून तयार राहिलो.
त्या म्हणाल्या, बरं. बिया टेबलावर ठेवल्या आणि गेल्या.
अनुभवी खेळाडू आहे. तिसरं निमंत्रण उद्यासाठी राखून ठेवलं असणार.

१९ सप्टेंबर
दिवसभर घरी थांबलो. दार दोनदा वाजलं. गॅसवाला. आणि पुन्हा गॅसवाला, पाना विसरला होता.

२१ सप्टेंबर
ल्यानइंगला सहज विचारलं, हाओताई माझ्याबद्दल काही म्हणाल्या? ती म्हणाली, हो, म्हणाल्या की गुरुजींना जमणार नाही, वाईट वाटलं. मी म्हणालो, अगं, मी फक्त दोनदा नको म्हणालो! तिने हातातलं काम टाकलं. म्हणाली, म्हातारोबा, त्या हार्बिनच्या आहेत. तिकडे नको म्हणजे नको. त्यांच्याकडे पाहुण्याने एकदा नको म्हटलं तर ताट उचलून धुवायला टाकतात. उद्या जाऊन सांगा, बोलतो म्हणून. दोन शब्दांचं काम आहे.
स्वतःहून जाऊन मागू? हे तर शरणागतीच्या तहावर सही करणं झालं. एकोणिसाव्या शतकात परक्यांनी आपल्यावर असे तह पुष्कळ लादले, आणि त्यांच्यावर माझा वीस तासांचा अभ्यासक्रम आहे.
व्यूहात्मक संयम. वेळ आपल्या बाजूने आहे.

२४ सप्टेंबर
तालीम. श्रोते: कस्तूर. (थाङदादा आता नाचताना पिंजरा माझ्याकडे ठेवून जातो.) आवाज नदीपलीकडे गेला असेल: 'मित्रहो! ज्यांच्या किनाऱ्यांवर परक्यांची जहाजं तोफा घेऊन आली, ते आपण दोघे! लहान देश म्हणून कुणी मान तुकवू नये आणि मोठा देश म्हणून कुणी डोळे वटारू नयेत!' अंगावर काटा आला. माझ्याच.
तेवढ्यात फेइचा पाय माझ्या बादलीला लागला. त्याच्यावर डोळे वटारले.

२६ सप्टेंबर
अप्रत्यक्ष मार्ग. गिरकी चालू असताना हाओताईंजवळ उभा राहून मोठ्याने घसा साफ केला. त्यांनी खोकल्याचं औषध दिलं.

२७ सप्टेंबर
सूट इस्त्रीला दिला. ल्यानइंग म्हणाली, अजून वेळ आहे, मी सांगू का त्यांना? म्हणालो, नको. ती म्हणाली, सांगतेच. म्हणालो, नको म्हणतो ना. ती थांबली. तिसऱ्यांदा विचारलंच नाही. इतक्या वर्षांच्या संसारात पहिल्यांदा. हार्बिनचा प्रभाव घरापर्यंत आला.

२८ सप्टेंबर
जे घडलं ते घडलं तसं.
सात वाजताच सूट घालून मंडपाशी हजर. फरशीवर पाण्याने हातभर उंच अक्षरांत 'स्वागत' लिहिलं. शिष्टमंडळ नाश्त्याला रेंगाळलं. अक्षरं वाळली. पुन्हा लिहिली. पुन्हा वाळली. तिसऱ्यांदा बादली रिकामी.
मी मुद्दाम हाओताईंच्या वाटेत उभा होतो, म्हणजे तिसरं निमंत्रण देणं त्यांना सोपं जावं. पाहुणे दिसले तशा त्या धावत आल्या. म्हणाल्या, गुरुजी, बरं झालं तुम्ही आहात! हे धरा! हात पुढे केला. माइक नव्हता. पंचवीस बायकांच्या पर्सा आणि एक पिंजरा.
नाच झाला. ल्यानइंग पहिल्या रांगेत. तिला इतकं हसताना मी कधी पाहिलं होतं ते आठवून पाहिलं. शिष्टमंडळाच्या प्रमुख, श्रीमती म्वाकासेगे, भरदार बाई, दोन गाणी बघून स्वतःच रांगेत शिरल्या आणि पंखा हिसकावून घेतला. लोक वेडे झाले. फेइने ठेक्यात टाळ्या वाजवल्या. यंत्र घालून आला होता.
मग त्या घाम पुसत सरळ माझ्यासमोर आल्या. बाहेरचं जग, एका हाताच्या अंतरावर. दुभाष्यामार्फत विचारलं, आणि हे गृहस्थ कोण?
१९९३पासून ज्याची वाट पाहिली तो क्षण. तोंड उघडलं, आणि जन्मभराच्या सवयीने शब्द आले: छे छे, मी कसला कोण, एक निरुपयोगी म्हातारा.
यावर आजूबाजूच्यांनी ओरडायचं असतं, नाही नाही, हे थोर विद्वान आहेत! हाओताई पाणी पीत होत्या. निएबाई फोनवर. दुभाष्या कोवळा पोरगा, मी बोललो ते त्याने जसंच्या तसं सांगितलं.
श्रीमती म्वाकासेगेंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि काही बोलल्या. दुभाष्या म्हणाला, बाई म्हणतात, असं म्हणू नका आजोबा, सामान सांभाळणंसुद्धा मोठी जबाबदारी आहे.
मग त्या गेल्या.
संबंध प्रस्थापित झाले. स्तर: पर्सा.

२९ सप्टेंबर
मंडपात गेलो नाही. आवाज बसला आहे, न बोलता.

३ ऑक्टोबर
दुपारी ल्यानइंगने पुन्हा वांगी केली. व्हेटो वापरला नाही. ती समोर बसली. म्हणाली, ते भाषण म्हणून दाखवा, इतकी वर्षं भिंतीपलीकडून ऐकतेय, शेवट कधी नीट कळला नाही. दाखवलं. पूर्ण. शेवटी ती म्हणाली, चांगलं आहे, पण फार लांब आहे. मग म्हणाली, उद्या सकाळी येता का माझ्याबरोबर?
हो म्हणालो. पहिल्याच विचारण्याला.
(निरीक्षक म्हणून.)

४ ऑक्टोबर, सकाळ
तिसरी रांग, अगदी डावीकडे, फेइच्या मागे. गिरकीला मी उलटा फिरतो. हाओताई स्पीकर बंद करून म्हणाल्या, छिऊ गुरुजी, रेषेच्या आत राहा. मी म्हणालो, कुठंय रेषा? त्यांनी पायाने दाखवली.
पिवळी. अखंड. तैलरंगाची.