बाबांसाठी चौदाव्या शतकातला भात

३ जून, मंगळवार

बटाटा नव्हता! टोमॅटो नाही, मिरची नाही! मध्ययुगात युरोपमध्ये ही नावंसुद्धा कोणाला माहीत नव्हती. कोलंबस अमेरिकेला जाऊन आला, त्यानंतर आलं हे सगळं. लायब्ररीचं पुस्तक खाली ठेववत नाहीये.

आईला सांगितलं. "मग बिचारे जेवायचे काय?"

४ जून

बाबांनी आज परत पेज अर्धी ठेवली. पोटाचं ऑपरेशन होऊन महिना झाला. डॉक्टर म्हणतात सगळं ओके आहे, तिखट-टोमॅटो बंद, पण वजन वाढायलाच हवं. आधी बाबा प्रत्येक घासाला बोलायचे — 'आमटीत गूळ फार', 'पोळी चामट'. आता नुसतं "बास." आणि ताट सरकवतात. ऐकवत नाही मला ते.

७ जून

आत्ता ट्यूब पेटली!! तिखट नाही, टोमॅटो नाही — बाबांचं पथ्य म्हणजे चौदावं शतक!

तेव्हाची एक डिश सापडली. तांदूळ, बदामाचं दूध, साखर. तांदूळ आणि साखर अरबांबरोबर स्पेन-सिसिलीत पोचले. चर्चच्या उपासाला गाईचं दूध चालायचं नाही, म्हणून बदाम वाटायचे! आई एकदम खूश — "म्हणजे त्यांचीही चतुर्थी!" आजारी माणसांनाही हेच द्यायचे म्हणे. वरून थोडं किसलेलं आलं. ते तर आपल्याकडूनच गेलेलं!

८ जून

घराजवळच्या बेडोक मार्केटमधून बदाम आणले. भिजवले, सोलले, वाटले, गाळले. हात गेले कामातून. भात झाकून आंघोळीला गेले. येऊन बघते तर वर फोडणी! लाल मिरचीची!

"अगं, मला वाटलं आपल्या दोघींचा दहीभात," आई म्हणाली.

बाबा हसले पण नाहीत. "राहू दे गं, मनू."

१४ जून

परत केला. आईला किचनबाहेर काढलं.

"राजे लोक खायचे हे," मी बाबांना म्हटलं.

"राजाचं पण ऑपरेशन झालेलं का?"

चक्क जोक! मग हळूहळू खात बसले. टीव्हीकडे बघत. मी मुद्दाम बघितलं नाही.

१५ जून

सकाळी बाबा स्वतःच किचनमध्ये आले. "मनू, कालच्यात मीठच नव्हतं. साखर फार. भात पण गिच्च. आज नीट कर."

आईने माझा हात घट्ट दाबला. मी बदाम भिजत घातले.