सुमीबाईला हळदीचा कागद

आरमोरी, ५ फेब्रुवारी १९८८

ती. श्रावणभाऊस, चंदाचा सा. न. वि. वि.

माझ्या लग्नाचं पहिलं बोलावणं सुमीबाईला, असं आईने ठरवलंय. टसर रेशमाच्या कोशाच्या अळ्या बघायला जपानहून आलेली सुमिए पावसाळाभर आपल्याकडे राहिली, ऐनाच्या रानात आईमागे फिरली आणि जाताना चंदाच्या लग्नाला येईन म्हणाली. गुरुजींकडून इंग्रजीत लिहून घेतलेल्या पत्राला मात्र तिचं उत्तर नाही. मोठे बाबा चारचौघांत हसले, की जपानची बाई आरमोरीले कशाले येते. आईला ते फार लागलंय. ती म्हणते, की सुमीले तिच्या अक्षरात बोलाव, मंग कशी येत नाई.

तुझ्या कंपनीत जपानी कॉम्प्युटर आलाय ना? मग कामाला लाग. आईने हळद लावलेला कागद पाठवतेय, घडीत अक्षता आहेत. लग्नाचा कागद कोरा जात नाही.

माया इकडे पाठव, आळस पुण्यातच ठेव.

तुझी चंदा

*

पुणे, २० फेब्रुवारी १९८८

चि. चंदास, अनेक आशीर्वाद.

कॉम्प्युटर नावाच्या या पाहुण्याला जपानसारखी कमी दाबाची वीज लागते, म्हणून आधी ट्रान्सफॉर्मर शोधला. तरी पडद्यावर इंग्रजीच! जपानी शब्दांची फ्लॉपी घातली तेव्हा कुठे गाडी रुळावर आली. इंग्रजी बटणांनी उच्चार टाइप करायचा, लांब पट्टी दाबायची, की चित्रांसारखी अक्षरं एकेक करून समोर येतात. हवं ते निवडायचं. कंपनीच्या वर्गात शिकलेल्या जपानीत ‘आई तुमची वाट पाहते’ एवढं लिहायला दुपार गेली. पण जमलं, आणि मी खुर्चीतच नाचलो.

मग आईचा कागद प्रिंटरमध्ये घातला. हळदीची पापडी सुटून आत पडली, अक्षता चाकांच्या दात्यांत अडकल्या. त्यानंतर साहेबांचा रिपोर्ट पिवळी किनार लेवून बाहेर आला. घरात शुभकार्य आहे, असं मी सांगून टाकलं. साहेबांनी माझ्या हातात ब्रश दिला.

साध्या कागदावर छापून पाठवतोय. हळद तूच लाव आणि तिकडूनच पोस्टात टाक. रागावलीस तरी विसरू नकोस.

तुझा भाऊ श्रावण

*

आरमोरी, १० मार्च १९८८

ती. श्रावणभाऊस, सा. न. वि. वि.

पत्र गेलं. आईने आधी उलटं धरलं, मग सुलटं, मग सुमीचं नाव कुठी हाये ते विचारलं. मी अंदाजाने बोट ठेवलं. आता ती रोज दारात उभी असते. इसरू पोस्टमन हल्ली मागच्या गल्लीने जातो. नाहीच आली सुमीबाई तर आईला कसं समजवायचं, सांग. मला भीती वाटते रे.

जीव लावतोस तसाच लाव.

तुझी चंदा

*

क्योतो, २५ मार्च १९८८

चंदाच्या आईले, रुखमाबाईले सुमीचा नमस्कार.

हळदीचा कागद भेटला. श्रावणचं जपानी बेस हाये, पण लई मोठ्या साहेबाले लिवल्यासारखं. मी हासली, मंग रडली.

इंग्रजी पत्र पण भेटलं होतं. तुमाले तुमच्या अक्षरात उत्तर द्याचं होतं. म्हणून पुस्तक आणून अक्षरं शिकून राह्यली होती, त्याच्यानं उशीर झाला. माफ करजा. माझ्यापाशी कॉम्प्युटर नाई, हातानं लिवलं. तुमी बोलता तसंच लिवलं, मले तेवढीच मराठी येते.

चंदाच्या हळदीले मी येऊन राह्यली. मोठ्या बाबाले पण सांगा.

तुमची सुमी