सरळ आकडे

४ फेब्रुवारी

नऊच. दोन तास डाव्या कुशीवर पडून होते, घड्याळ समोर, कागद उशीखाली. नऊ लाथा.

डॉक्टरीणबाईंचा नियम साधा आहे. दुपारचं जेवण झालं की आडवं व्हायचं. दोन तासांत बाळ दहा वेळा हललं पाहिजे, आकडा कागदावर लिहायचा. दहाच्या खाली गेला तर वाट न बघता हॉस्पिटल गाठायचं. गाठलं. ऑपरेटर अर्धी रजा टाकून धावत आला (नवऱ्याला मी अजून ऑपरेटरच म्हणते, सवय जात नाही). पोटाला ठोके ऐकायचा पट्टा बांधला आणि साहेब आत जे नाचायला लागले! सिस्टर तोंडावर हात ठेवून हसली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ठीक आहे सगळं. पण आलात ते बरं केलंत."

असं हे तिसऱ्यांदा. बाळ झाल्यावर घ्यायच्या म्हणून त्यानं बारा रजा राखून ठेवल्या होत्या, त्यातल्या दीड अशाच गेल्या. सासूबाई भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "मी दोन काढली, एकदाही मोजलं नाही बाई." टोमणा नव्हता. पण लागला.

६ फेब्रुवारी

चौदा! जेवण पोटात उतरतंय तोच फेरी सुरू. ऑपरेटरनं नाव ठेवलंय — इन्स्पेक्टर. न सांगता येतात, दारं ठोठावतात, शेरा न देता निघून जातात.

आज पडल्या पडल्या जुनं आठवलं. आमचं लग्न एका रजिस्टरमुळे झालं हे कुणाला सांगून खरं वाटत नाही. दोघं एकाच कोल्ड स्टोरेजमध्ये. तो मशीन चालवणार, दर तासाला प्रत्येक खोलीचं तापमान लिहिणार, आणि मी ती पानं तपासणार. मी नवी होते. पहिल्याच आठवड्यात त्याचं पान समोर आलं. उणे अठरा, उणे अठरा, उणे अठरा, पार खालपर्यंत. एकाच पेनानं, एका बैठकीत भरलेलं. मी लाल पेनानं लिहिलं, 'खरा आकडा उड्या मारतो. खोलीपाशी जाऊन या.' तावातावानं भांडायला आला आणि चहा पिऊन गेला. अजून कुणी थाप मारली की आम्ही एकमेकांकडे बघून म्हणतो — उणे अठरा.

९ फेब्रुवारी

आठ. नववी धरावी की नाही कळेना, पोटात गॅसही होता.

ऑपरेटर आज नव्या मशीनच्या जोडणीत अडकलाय. फोन केला तर सगळं टाकून येईल. मग पट्टा, मग साहेबांचा नाच, मग सिस्टरचं हसू. आणखी अर्धी रजा. दहा लिहिलं.

पेन ठेवल्यावर बराच वेळ पोटावर हात ठेवून बसले. एक आली, बारीकशी. म्हणजे नऊ तर झालेच. एका आकड्यानं काय होतंय?

१० फेब्रुवारी

आठ. दहा लिहिलं.

११ फेब्रुवारी

सात. अकरा लिहिलं. रोज दहा बरं दिसत नाही.

१३ फेब्रुवारी

आज मोजलंच नाही. सासूबाईंबरोबर गोधड्यांचे कपडे फाडत बसले, दुपार कशी गेली कळलं नाही — असं त्याला सांगितलं असतं. पण त्यानं ते विचारलंच नाही. बूट काढता काढता नेहमीसारखं "आज किती?" एवढंच.

"दहा."

"साहेब वक्तशीर झाले की."

सासूबाई म्हणतात शेवटी शेवटी बाळाला जागा पुरत नाही, मग ते गप्प राहतं. असेलही. त्यांचं म्हणणं मी दिवसभर मनात घोळवलं.

इथे तरी खरं लिहू दे. कपड्यांचं निमित्त होतं. मला मोजायची भीती वाटते. जे मोजलं नाही ते कमी भरत नाही, असा काहीतरी वेडेपणा डोक्यात बसलाय. मीच हे करतेय! लोकांच्या पानांवर लाल पेनानं शेरे मारणारी!

१५ फेब्रुवारी

तपासणी. डॉक्टरीणबाईंनी कागद हातात धरला आणि चेहरा खुलला. "व्वा. इतकं नीट लिहून कुणी आणत नाही." ऑपरेटर माझ्याकडे बघून हसला, ऊर भरून आल्यासारखा.

ठोके ऐकले. ठीक. टेपनं पोट मोजलं, परत मोजलं. "वाढ किंचित कमी वाटतेय. पण हालचाल छान आहे ना, मग घाई नको. आठवड्यानं बघू."

तेव्हा बोलायला हवं होतं. तोंड उघडलंसुद्धा. त्यांनी विचारलं, "काही म्हणत होतात?" मी म्हटलं, पाय सुजतात हो फार. त्यांनी मीठ कमी करायला सांगितलं.

१६ फेब्रुवारी

चार. दहा लिहिलं. उद्या सांगते त्याला. नक्की.

१८ फेब्रुवारी

हॉस्पिटल. उताणी पडून लिहितेय, अक्षर गबाळं येतंय.

काल सकाळी तो कामावर निघाला होता. डबा घेतला, किल्ली घेतली, आणि किल्लीवरून उचललेल्या कागदाकडे बघत उभा राहिला. मग बोट ठेवून वाचायला लागला, एकेक चौकट — मी त्याची पानं वाचायचे तस्सं. दहा, दहा, अकरा, दहा, दहा, अकरा, दहा, दहा. डबा खाली ठेवला.

"उणे अठरा," एवढंच म्हणाला.

मी मान खाली घातली.

"काल खरे किती?"

"चार."

"आज?"

"उठल्यापासून एकही नाही."

ओरडला नाही. ओरडला असता तर सोसलं असतं. रिक्षात माझा हात इतका घट्ट धरला होता की बांगडी रुतली, तेही मला नंतर कळलं. सासूबाई मागून चप्पल घेऊन धावत आल्या, मी अनवाणीच निघाले होते.

या वेळी पट्टा बांधल्यावर कुणी हसलं नाही. ठोके मंद. आतलं पाणी जवळजवळ संपलेलं. तासाभरात पोट कापून बाहेर काढला. मुलगा. एक किलो आठशे. रडला नाही. मी छताकडे बघत आकडे मोजत होते, एकतीस झाले तेव्हा आवाज आला — दार करकरावं तसा. मला दाखवलाही नाही, पळवत नेला.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अचानक होतं असं कधी कधी. तुम्ही तर रोज मोजत होतात, तुमचा काय दोष." ऑपरेटर तिथेच उभा होता. तो कागद त्याच्या शर्टाच्या खिशात आहे, घडी वरून दिसते.

१९ फेब्रुवारी

इन्स्पेक्टर खालच्या मजल्यावर काचेच्या पेटीत आहेत. अंगात स्वतःची ऊब नाही, पेटीची ऊब लागते. दर दोन तासांनी तापमान घेऊन पेटीला टांगलेल्या तक्त्यावर लिहितात. छत्तीसच्या खाली गेलं तर धोका. मला टाके, जिना उतरायचा नाही. ऑपरेटर दारापर्यंत जातो, तिथल्या सिस्टरला विचारून येतो.

सकाळी ३६.५. दुपारी ३६.५. संध्याकाळी ३६.५.

सिस्टर चांगली आहे म्हणतो. दुसरी आली नाही म्हणून दोन पाळ्या एकटीच ओढतेय, चौदा पेट्या. तरी वर येऊन माझी विचारपूस करून गेली. "ताई, तुमचं बाळ सगळ्यांत शहाणं. जराही इकडचं तिकडं नाही." तिचा हात धरून रडले मी.

ऑपरेटर आज पहिल्यांदा बोलला. "मला सांगायचं होतंस गं. दीड रजा गेली काय, सगळ्या गेल्या काय." मग माझी वेणी घालून दिली. वाकडी.

२० फेब्रुवारी

सकाळी ३६.५. दुपारी ३६.५. उद्या मला खाली जायला परवानगी.

२१ फेब्रुवारी

भिंत धरून उतरले. पेटीपाशी पोचले तेव्हा समोरच्या घड्याळात सव्वातीन. आधी बाळाकडे बघायचं, पण सवयीनं नजर तक्त्यावर गेली. ३६.५, वरपासून खालपर्यंत. चारची चौकटही भरलेली.

झडपेतून हात घातला. झडप नीट लागलेलीच नव्हती. तळपाय गार. सिस्टर पलीकडच्या पेटीवर वाकली होती, डोळे लाल. तिच्यावर ओरडायला माझं तोंडच उघडेना. थर्मामीटर मागितला.

आता साडेपाच. डॉक्टर येऊन गेले, परत येतायत. ऑपरेटरनं स्टूल आणून दिलंय, मी हलणार नाही. तक्त्याच्या मागच्या बाजूला दर पंधरा मिनिटांनी मीच लिहितेय. ३४.६. ३४.९. ३४.७. ३५.१. ३४.८. ३५.२.