बाबांसाठी बायप्लेन

२ एप्रिल १९८४, गुढीपाडवा
श्रीगणेशा केला. वायुसेनानगरचे एक ओळखीचे साहेब बदलून गेले, जाताना मला लाकडी किट देऊन गेले. रेडिओवर चालणारं दुपंखी विमान, म्हणजे बायप्लेन. पंख सहा फूट लांब. इंजिन, रेडिओ, नकाशे, सगळं खोक्यात. साहेबांना तीन वर्षांत खोकं उघडायला सवड झाली नाही. सवड काढावी लागते. मी दोन महिन्यांची रजा टाकली. ऑफिसात विचारलं, मनोहरराव, वडिलांसाठी रजा घेऊन राहिले का? हो म्हटलं. खोटं काय त्यात? विमान बाबांसाठीच आहे.

बाबांनी वीस वर्षं सोनेगावच्या विमानतळावर काढली. रात्री चार दिशांनी विमानं उतरायची, त्यांतली टपालाची पोती इकडून तिकडे टाकायचं काम. अशा माणसाच्या नावाचं विमान त्र्याहत्तराव्या वर्षी त्याच्या डोळ्यांसमोर उडेल. संकल्प: मे संपायच्या आत उड्डाण.

३ एप्रिल
बाबांना सांगितलं. म्हणाले, म्या कुठी इमान पाह्यलं गा? म्या पोते पाह्यले. अंधारात काय दिसते? त्यांना अजून नीट कल्पना आलेली नाही.

५ एप्रिल
काम समोरच्या खोलीत. पंख जोडायला अगदी सपाट फळी लागते. बाजारात तशी मिळत नाही, म्हणून मधल्या खोलीचं दार बिजागरीतून काढून स्टुलांवर आडवं टाकलं. एक नंबर. सुमतीनं विचारलं, दार काहून काढलं? बायकोला सपाटपणा समजावणं कठीण.

बाबांचा पलंगही याच खोलीत आहे, कारण कूलर याच खिडकीला. पलंग भिंतीकडे सरकवला. त्यांना तेवढीच सोबत होईल.

१४ एप्रिल
बाल्सा म्हणजे बाशिंगाच्या भेंडासारखं हलकं लाकूड. ब्लेडनं कापलं जातं. बोटही. आज काम बंद.

२२ एप्रिल, सकाळ
घात. खालचा उजवा पंख रात्रीतून पिळवटला. कारण उघड आहे: कूलर. वाळ्याच्या ताट्यांतून रात्रभर ओला वारा येतो आणि लाकूड पाणी पितं. टाचण्या मी पुस्तिकेत सांगितल्यापेक्षा जरा कमी लावल्या होत्या, पण ती पुस्तिका विलायतेची, तिथं कूलर नसतात. निर्णय: काम चालू असेपर्यंत कूलर बंद.

२३ एप्रिल
बाबा रात्रभर कुशी बदलत राहिले. त्यामुळे मलाही झोप नाही. सकाळी म्हणाले, मले इमान नको गा, वारं पायजे. म्हातारपणी माणूस लहान मूल होतो. टेबलफॅन दिला. फॅननं नकाशे उडतात म्हणून स्पीड एकवर.

३० एप्रिल
तोडगा काढला. बाबांना मागच्या खोलीत हलवलं. वर टिन आहे, पण खिडकी मोठी. सुमती म्हणाली, मग कूलरही मागं न्या. शांतपणे समजावलं. स्टँड समोरच्या खिडकीच्या मापाचा, उचलायला दोन माणसं हवीत, आणि मुख्य म्हणजे मधल्या खोलीला दार नसल्यामुळे ओलावा पुन्हा इकडेच येणार. ती म्हणाली, तर मग दार लावा. दारावर पंख आहे. तेच तेच किती सांगायचं?

८ मे
पंखांवर चढवायला गांधीबागेतून रेशमी कापड आणलं. दुकानदारानं विचारलं, मुलीचं लग्न आहे का? विमान म्हटलं. त्यानं पोऱ्याला चहा आणायला पाठवलं होतं, परत बोलावलं. कापड चढवून त्यावर डोप लावायचा, म्हणजे कापड ताणून धरणारं वार्निश. वास उग्र. वाऱ्यानं धूळ बसू नये म्हणून खिडक्या बंद. पारा पंचेचाळीसवर. बाबा खोकतात. सुमती त्यांच्या छातीवर ओला पंचा ठेवते, तो वाळला की पुन्हा भिजवते. माझ्या मदतीला कुणी नाही.

११ मे
डावा पंख तबल्यासारखा वाजतो. बाबांना दाखवायला मागं नेला, तर ते झोपलेले. उठवलं नाही. समजूतदारपणा लागतो.

त्याच दिवशी, संध्याकाळ
मी थिनर आणायला गेलो तेवढ्यात सुमतीनं बाबांचा पलंग ओढत समोर आणला आणि कूलर लावला. सगळ्या डोपवर पांढरे चट्टे पडले. मी फार बोललो. तिला बोललो, तिच्या माहेराला बोललो. बाबांना एक शब्द बोललो नाही, हे इथं नोंदवून ठेवतो. बाबाच तिला म्हणाले, बंद करून टाक वं माय, मले गरम होत नाही. म्हणजे बघा, गरम होतच नव्हतं.

१३ मे
सुमतीचा भाऊ रुपराव मौद्याहून जीप घेऊन आला. तिला आणि बाबांना घेऊन गेला. माझे वडील, आणि सुनेच्या माहेरी! लोक काय म्हणतील, याचा विचार रुपरावानं करायला हवा होता. जीपमध्ये बसताना बाबा म्हणाले, या वयात इवायाच्या घरचं खाची पाळी आली. मी म्हटलं, व्याह्यांकडे चार दिवस चेंज समजा. बाबांचा पाय पायरीवर पोहोचत नव्हता, रुपरावानं उचलून बसवलं. माझे हात डोपनं चिकट होते.

१४ मे
घर शांत. कामाला वेग. शेजारच्या शोभाताई पोळी-भाजी दारात ठेवून जातात. मीही कूलर लावत नाही. त्याग दोन्ही बाजूंनी आहे.

१९ मे
रुपरावाचा गडी बळीराम बाजाराला आला होता, निरोप देऊन गेला. बाबा आंब्याच्या झाडाखाली बाज टाकून बसतात. खोकला आहे, पण जेवतात. रोज विचारतात. मी म्हटलं, विमानाचं का? तो म्हणाला, नाही जी, तुमचंच. मन्या आला का, मन्या आला का, म्हणून राह्यले.

उद्या जायचं ठरवलं.

२० मे
शेपटी वाकडी बसली. जाणं रद्द. तसंही रिकाम्या हातानं जाण्यात काय अर्थ? २७ तारखेला रविवारी उड्डाण. मग सोमवारी खबर घेऊनच जाईन. वरच्या पंखावर लाल रंगात बाबांचं नाव, ‘चंपतराव’, लिहिलं. ‘राव’ला जागा कमी पडली, थोडं दाटलं. लांबून कळत नाही.

२५ मे
नवतपा लागला, म्हणजे उन्हाळ्याचे सर्वांत तापलेले नऊ दिवस. डांबर बुटाला चिकटतं. बळीराम पुन्हा आला. बाबांना ताप आहे, मौद्याचा डॉक्टर म्हणतो खोकला छातीत उतरला, तुम्हाले बलावलं. मौद्याच्या डॉक्टरला काय कळतं? तिथं झाड आहे, विहीर आहे, सून आहे. मी जाऊन काय करणार? दोन दिवसांचा तर प्रश्न. बळीरामला विमान दाखवलं. त्यानं बघितलं आणि विचारलं, तर मंग सांगू काय तिकडं? सोमवारी पक्का, असं सांग म्हटलं.

आज संध्याकाळी क्षणभर वाटलं की जावं. फार वाटलं. चपलाही घातल्या. पण इंजिनची टाकी गळत होती.

२७ मे, पहाटे
दिवस उजाडला! विमान न्यायला भाड्याची मेटॅडोर गाडी दारात आहे. बेसा गावाजवळचं एक पडीक वावर हेरून ठेवलं आहे, सपाट, अगदी दारासारखं. गडबडीत अंघोळ राहिली. बाबा, तुमचं नाव आज वर जाणार.

२७ मे, संध्याकाळ
निष्कर्ष आधी लिहितो: जमिनीवरील चाचणी यशस्वी.

सविस्तर. पोहोचलो तेव्हाच वारा सुटला होता. थोडा पडू दे म्हटलं. वारा वाढत गेला. दहा वाजता लू, म्हणजे भाजणारा वारा, सुरू झाली. मी कोपरांवर भार घेऊन पंखावर आडवा पडलो आणि विमान दाबून धरलं. मेटॅडोरवाला गाडीखाली झोपला. एक बकऱ्यावाला आला, म्हणाला, नवतप्यात कोनी बकरी नाही सोडत दुपारी, तुमी इमान सोडून राह्यले? त्याच्याशी हुज्जत घातली नाही. दुपारभर तसाच होतो. उठलो असतो तर विमान गेलं असतं. सूर्य टेकला तेव्हा वारा पडला. पान हलेना. हीच ती वेळ! इंजिन सुरू झालं, आवाज असा की बकऱ्या पळाल्या. पण रेडिओची दांडी हलवली तर विमान ऐकेना. रेडिओचा स्विच सकाळपासून चालूच राहिला होता, बॅटरी संपलेली. याचा अर्थ, दोष विमानात नाही.

घरी आलो तर शोभाताई फाटकातच उभ्या. म्हणाल्या, सकाळी मौद्याचा माणूस आला होता. तुम्ही कुठं गेले ते कोणालेच माहीत नाही. दुपारपर्यंत पायरीवर बसून होता, मग गेला. निरोप काय, तर बाबांची तब्येत जास्त आहे, लवकर या. हे सांगताना त्या रडत होत्या. बायकांचं मन हळवं. मी म्हटलं, तब्येत जास्त म्हणजे ताप असेल, बळीराम परवा बोललाच होता. त्या म्हणाल्या, आताच्या आता निघा, भाऊ. शेवटची एस.टी. होती, मिळाली असती. पण अंगभर धूळ, अंघोळ नाही, आणि अशा अवतारात सासरी कसं जायचं? सकाळी जाईन. बॅटरी चार्जिंगला लावली.

२९ मे, मौदा
काल पहिल्या एस.टी.नं आलो. बाबांसाठी आंबे घेतले होते.

अंगणात माणसं बसली होती. रुपरावाचं डोकं भादरलेलं होतं. मी आंबे कुणाला द्यावे म्हणून उभा राहिलो. कुणी हात पुढे केला नाही. मग रुपरावच आला. म्हणाला, भाऊजी, काल पहाटेच गेले. सांजच्या पाच वाजेपर्यंत ठेवलं. बर्फ भेटला नाही. तुमची वाट पाहून राह्यलो होतो, पण या उनात त्याइले कसं ठेवता? आग म्याच देल्ली.

त्याचं काल, म्हणजे रविवार. पाच वाजता मी पंखावर पडून होतो.

आज कन्हान नदीवर राख सावडली. मडकं माझ्या हातात दिलं. एका म्हाताऱ्यानं विचारलं, हे कोन होय? कुणीतरी सांगितलं, रुपरावच्या घरचे जवाई.

निघण्याआधी सुमतीजवळ गेलो. म्हटलं, घरी चल, तेरवी नागपूरला करू, समोरची खोली मी आजच मोकळी करतो. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. म्हणाली, मामंजींची तेरवी इथंच ठरली, रुपराव करून राहिला. तुम्ही जेवाले या.