कोणत्या खाचरातलं पाणी?

बाबा, आज तुमच्यावर चिडूनच लिहायला बसलेय. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी हा राग काही शिळा होत नाही.

मी नेरळला घरी बसून काय काम करते ते आधी सांगते. भातशेतीबद्दल काही विचारलं की फोनवर उत्तर देणारं एक मशीन आहे. त्याने उत्तर कसं द्यायचं त्याच्या सूचना मी लिहिते. मग शेतकऱ्यांचे प्रश्न घालून बघायचे, चुकलं की सूचना बदलायची, पुन्हा तेच प्रश्न घालायचे. परवा एकाने विचारलं, "शेतात पाणी लय झालंय, काय करू?" मशीन म्हणालं, काढून टाका. अरे, पण सकाळीच युरिया टाकला असेल तर? सगळा वाहून जाईल. मी वैतागून साहेबांना म्हटलं, मशीन बिनडोक आहे. ते म्हणाले, "त्याला कशाला बोल लावता? आपण सांगण्यात कमी पडलो. सूचना सुधारा."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. आठवतं, आपल्या गावी, कडावला? तुम्ही बाजाराला निघता निघता म्हणता, "खाचरातलं पाणी काढ गं." कोणत्या, ते सांगत नाही. तुमच्या मनात ओढ्याकडचं. मी घरामागच्याचा बांध फोडते, आणि त्यातच तुम्ही पहाटे युरिया टाकलेला. मला काय स्वप्न पडलं होतं? शेजारचे काका हसले, "आमच्या भाताला फुकटचं खत मिळालं रं." आणि तुम्ही चारचौघांत म्हणालात, "बिनडोक हायस. उद्यापासून शेतात पाय ठेवायचा नाय." मला शेतीच करायची होती, बाबा. तुम्हाला ते ठाऊक होतं.

मी सूचना बदलली: आधी खताचं विचार. तर ते बियाण्याच्या प्रश्नालाही खताची चौकशी करायला लागलं. पुन्हा बदलली: ज्याने उत्तर बदलेल तेवढंच विचार. जुने सगळे प्रश्न परत घालून बघितले. जमलं. मग तुमचंच वाक्य प्रश्न करून घातलं, खाचरातलं पाणी काढू का? मशीनने विचारलं, "कोणत्या खाचरातलं? त्यात खत कधी टाकलंय?"

मला रडू आलं. एका मशीनसाठी आम्ही आपलीच वाक्यं खोडून खोडून परत लिहितो, आणि पोटच्या पोरीसाठी तुम्हाला एक वाक्य नीट बोलता आलं नाही? म्हणाल, तूच का नाही विचारलंस. विचारायची सोय होती का? "उलट बोलायचं नाय" हे ऐकतच मी मोठी झाले. मशीनला विचारायची मुभा मी दिली. मला कोणी दिली?

आता हे कुठे पाठवणार, म्हणा. पण खरं सांगते, तुम्ही आज ओटीवर बसलेले असतात, तरी मी हे तुमच्या हातात दिलं नसतं. मी अजून तुम्हाला घाबरते.