राशीवरचा पांढरा दगड

टॉर्कलदादा,

शुद्धलेखनाला हसू नकोस. शाळा सुटली ती सुटलीच, आणि मी एका बोटाने टाइप करते, म्हणून वेळ लागतो. तुझा पत्ता कुणाकडेच नाही, त्यामुळे हे फोनमध्येच राहणार.

रविवारी आजोबांना घेऊन आपल्या कुळाच्या जुन्या जागी, आर्डव्हेनला गेले. गाडी मी चालवली. तळ्याकाठच्या, एकच गाडी मावेल अशा रस्त्यावर कुणी थांबून वाट दिली तरी मी लाजून आभाराचा हात करत नव्हते. आजोबा म्हणाले, "हात कर गं, लोक म्हणतील आपलं कुळ माजलंय."

तू गाव सोडताना तिथल्या कुळाच्या दगडांच्या राशीवर तुझा पांढरा दगड ठेवलास ना, परत आल्यावर तूच उचलायचा म्हणून? आजोबा तोच फेकायला आले होते. "इतक्या वर्षांत एक फोन नाही. तो आता आपला नाही," म्हणाले आणि दगड उचलला.

तिथे भाड्याचे चौकटीचे किल्टचे घागरे घालून कॅनडाचे पर्यटक फोटो काढत होते. त्यांच्यादेखत मी ओरडले, "ठेवा तो खाली. तो दादानेच उचलायचा."

आजोबा माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "तुला आवाज आहे होय?" आणि वाऱ्याने हलू नये असा दगड परत घट्ट बसवला.

आणि हो, घरची बातमी: मोरॅग आत्या पोस्टमनशी लग्न करतेय.

तुझी,
मारसली