दोन हजार वर्षांनंतरचं सारवण

जानकीपुरम, लखनौ

आदरणीय मधुसूदनदादास,

धाकट्या श्रीपतचा सविनय जयभीम. वहिनींना माझा आणि दीप्तीचा जयभीम सांग. आम्ही इकडे सर्व ठीक आहोत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. खरंखोटं पुढे कळेलच. तुझा गुडघा कसा आहे? (डॉक्टरांनी जिने चढू नका म्हटल्याबरोबर तू सगळ्या कुंड्या गच्चीवर नेऊन ठेवल्यास, ही बातमी वहिनींकडून इथवर पोचली आहे. वीज मंडळात आयुष्यभर खांबांवर चढलेल्या माणसाला जमिनीवर करमत नाही, हे मी समजू शकतो. गुडघा समजू शकत नाही.) शर्वरी तुला जयभीम सांगते. तिनं तो हिंदीत सांगितला, मी मराठीत लिहिला.

तू म्हणालास, फोनवर तू फार भरकटतोस, काय ते कागदावर लिही. तुझा प्रश्न एवढाच होता: माय माणसं ओळखते का? ओळखत असेल तर गुडघ्याला पट्टा बांधून येतो. ओळखत नसेल तर मला ते बघवायचं नाही, व्हिडिओ कॉलवर तिनं माझ्याकडे पाहून मान फिरवली तेवढं पुरे झालं. प्रश्न सरळ आहे आणि उत्तर एका ओळीत देता येईल. पण मी सगळी नोकरी सरकारी पुरातत्त्वात काढली. आमच्याकडे एका फुटक्या खापराचं वर्णन करायला दीड पान लागतं, आणि माय तर अजून बऱ्यापैकी शाबूत आहे. तेव्हा दमानं वाच.

आधी उत्खननावरची हकीकत सांगतो, कारण ती आज ना उद्या तुला दुसऱ्या कोणाकडून कळेल. चिनहटच्या पुढे हमरस्ता सोडून आत गेलं की एक डीह आहे. (जुन्या गावाच्या टेकाडाला इकडे डीह म्हणतात. आपल्याकडे गावाखालच्या मातीला पांढरी म्हणतात ना, तीच पांढरी, फक्त लखनवी.) मी विदर्भात दगडांची वर्तुळं खणली, कच्छात वाळू खाल्ली, आता इथं गाळाची माती गाळतो आहे. माती दर ठिकाणी वेगळी असते, वरिष्ठ मात्र सगळीकडे सारखेच सापडतात. इथले आमचे प्रमुख गजेंद्र सिंह. अस्सल लखनौचा माणूस. सामान्य माणूस चिडला की अरे-तुरेवर येतो, हे जितके चिडतील तितके नम्र होत जातात. ‘श्रीपत जी’ म्हणाले तर ठीक. ‘ज़रा ज़हमत फ़रमाइए’ म्हणाले की समजावं, आपलं काही खरं नाही.

तर त्या डीहावर आम्हाला एका घराची जमीन लागली. कुषाणांच्या काळातली, म्हणजे साधारण दोन हजार वर्षांपूर्वीची. चांगली चोपून केलेली, कोपऱ्यात चूल, चुलीपाशी खापरं जशी पडली तशी. आम्ही सगळ्यांनी महिनाभर तिच्यावर ब्रश फिरवले. त्या जमिनीवर कोणी जोराने शिंकलं तरी गजेंद्र सिंह नम्र होत असत. पुढल्या हंगामात काम चालू ठेवायचं की नाही हे ठरवायला दिल्लीहून समिती यायची होती, आणि नेमक्या त्याच दिवशी मायला सांभाळणाऱ्या बाईनं दांडी मारली. दीप्तीच्या हजरतगंजच्या बँकेत ऑडिट, शर्वरीचा पेपर. मग काय करतो? मायला गाडीत घातलं, सोबत डबा आणि गोळ्या घेतल्या, आणि डीहावर कडुनिंबाखाली खुर्ची टाकून बसवलं. इथवर माझं काही चुकलं नाही. चुकलं ते पुढे. मी तिला म्हणालो, “माय, इथंच बस हां. पाहुणे यायचे आहेत.”

दादा, तूच सांग, आपल्या मायला कधी कोणी ‘पाहुणे यायचे आहेत’ असं सांगितलं आणि ती बसून राहिली, असं झालंय का? मी समितीला आणायला रस्त्यापर्यंत गेलो. तिनं टेकाडावरून खाली पाहिलं तर एक घर, छप्पर नाही, चूल थंड, आणि भुई उघडी. “पावणे येऊन राहिले अन् भुई अशी ठेवली?” हे तिनं मातीकाम करणाऱ्या बायांना अस्सल भंडाऱ्याच्या बोलीत विचारलं. त्या अवधी बोलणाऱ्या. पण शेणाचं काम दोन्ही मुलखांत सारखंच. साहबची अम्मा सांगते आहे म्हटल्यावर त्यांनी शेजारच्या गोठ्यातून घमेलंभर शेण आणून दिलं, पाणीही दिलं. (नंतर त्यांचं म्हणणं असं की आम्हाला वाटलं, ही पण ऑफिसचीच काहीतरी पद्धत असेल, तुम्ही लोक त्या मातीचं काय काय करता, आम्ही कधी विचारतो का?)

समितीला घेऊन मी ट्रेंचच्या काठावर आलो तेव्हा अर्धी जमीन सारवून झाली होती. चूलही. नाव-नंबराच्या चिठ्ठ्या लावलेली खापरं उचलून बांधाबाहेर टाकलेली होती, फुटकं भांडं घरात ठेवू नये म्हणून. माय वाकून, पदर खोचून, बोटांनी अर्धगोल उमटवत मागे मागे सरकत होती. एकही ओळ वाकडी नाही. तिनं वर पाहिलं, पदर सारखा केला आणि गजेंद्र सिंहांना म्हणाली, “जोडे बाहेर काढा जी, ओलं हाय.” दादा, त्या माणसानं बूट काढले. त्याच्या मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं, तरी काढले. मग समितीनंही काढले. पुण्याच्या मंजिरीबाई समितीत होत्या, त्या तेवढ्या हसल्या. बाकीचे अंत्ययात्रेला आल्यासारखे उभे. मायनं सगळ्यांना जेवून जायला सांगितलं. गजेंद्र सिंह हात जोडून म्हणाले, “जी अम्मा, ज़रूर.” आणि मग माझ्याकडे वळून इतक्या नम्रपणे बोलले की मला घेरी आली.

आपलेच दात आणि आपलेच ओठ, तक्रार कोणाकडे करायची? नुकसान व्हायचं ते झालंच. जमिनीच्या त्या भागातून मातीचे नमुने घ्यायचे होते, ते आता घेता येणार नाहीत. मला खुलासा मागणारं पत्र आलं, मी खुलासा दिला. उत्खननाला मुदतवाढ मिळाली, पण ‘कर्मचाऱ्यांनी कुटुंबीयांना कार्यस्थळी आणू नये’ अशी अट घालून. मात्र आमचा एक नियम आहे, आणि गजेंद्र सिंह नियमाचे पक्के. ट्रेंचमधल्या मातीला जे जे झालं ते सगळं नोंदवायचं. उंदरानं बीळ केलं तरी, पुरानं गाळ आणला तरी, कोणी खड्डा खणला तरी. चांगलं-वाईट ठरवणं आपलं काम नाही. त्यामुळे त्यांनी स्वतः उभं राहून नोंद सांगितली: सर्वात वर शेणाचा ताजा लेप, बोटांचे ठसे स्पष्ट, कालखंड सध्याचा. फोटोही काढला, शेजारी मोजपट्टी ठेवून. आपल्या खानदानात आजवर कोणाचं नाव इतिहासात गेलं नव्हतं. मायचंही गेलं नाही, बोटं तेवढी गेली.

आता तुझ्या प्रश्नाकडे येतो. (बघ, आलो की नाही?) पुरातत्त्वात सर्वात नवं ते सर्वात वर असतं आणि खणायला लागलं की तेच आधी जातं. मायचं तसंच चाललंय. आधी लखनौ गेलं. मग शर्वरी. ती एक दिवस कॉलेजातून आली ती रडवेली: “पापा, आजी पूछ रही थीं तुम किसकी लड़की हो।” मग दीप्ती गेली, मग माझं लग्न. आणि यंदाच्या उन्हाळ्यात, दादा, मी गेलो. मला त्याचं इतकं वाईट वाटेल असं वाटलं नव्हतं. आपण खणणारे, थर जाताना बघायची आपल्याला सवय आहे, असा माझा समज होता. तो चुकीचा निघाला. स्वतःच त्या थरात असलं की सवय कामाला येत नाही. सध्या तिच्या हिशेबानं मी जन्मलेलोच नाही. ती तुमसरच्या रेल्वे क्वार्टरमध्ये राहते, बाबा ड्यूटीवर आहेत, आणि हा जो पॅन्ट घातलेला, टकलाकडे झुकलेला इसम घरात हिंडतो तो कोणीतरी साहेब आहे आणि बाबांच्या कामासंबंधात आला असावा. मला ती चहा विचारते. आदबीनं बोलते.

मध्येच घोटाळेही होतात. आमच्या कुषाण थरात परवा प्लास्टिकचं बटण सापडलं. उंदराच्या बिळातून वरची वस्तू खाली घसरते, तसं. मायही तुमसरच्या क्वार्टरमध्ये बसल्या बसल्या एकदम टीव्हीचा रिमोट मागते, बाबा यायच्या आत सीरियल संपवायची म्हणून. त्या वेळी आपल्या घरात वीजसुद्धा नव्हती, हे तुला आठवत असेल. मी निमूटपणे रिमोट देतो. कोणत्याही थरात का असेना, ती खूश असली म्हणजे झालं.

त्या दिवशी डीहावरून परत येताना मी चिडलेला होतो. खोटं कशाला सांगू? नोकरीची शेवटची वर्षं, आणि कुठे शेणानं नाव खराब झालं, असं मनात चाललं होतं. माय शेजारी बसून नखांतलं शेण काढत होती. पॉलिटेक्निकच्या चौकात गाडी अडकली तेव्हा तिनं माझ्याकडे नीट पाहिलं आणि विचारलं, “साहेब, तुमची माय हाय का?” मी म्हटलं, आहे. ती म्हणाली, “मंग तिले भेटत जा. लेकरं मोठी झाली की कामात असतेत. बायको आठवण देते तवा येतेत.” मागचे सगळे हॉर्न वाजवत होते आणि मला गिअर टाकता येईना. दादा, मी रोज तिच्याच घरात राहतो आणि तिला भेटायला मला कुठून जावं लागेल, तेच कळत नाही.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर: नाही, माय आता कोणालाही ओळखत नाही. दीप्तीला नाही, शर्वरीला नाही, मला नाही. तुझं म्हणणं बरोबर आहे. एवढा प्रवास करून गुडघ्याचे हाल करून घेण्यात अर्थ नाही. तू तब्येत सांभाळ. वहिनींचं ऐकत जा, निदान कुंड्यांच्या बाबतीत.

खुलाशाच्या कामातून अजून पुरता न सुटलेला,
तुझा,
श्रीपत

ता. क. भिवापुरी मिरची संपली आहे. इकडच्या मिरचीत रंग आहे, जीव नाही. वहिनींना सांगून पार्सल करावी. त्यासाठी कोणी स्वतः यायची मुळीच गरज नाही.

ता. क. दुसरा. व्हिडिओ कॉलचं राहून गेलं. तिनं तुझ्याकडे पाहून मान फिरवली असं तुला वाटलं. फोन माझ्या हातात होता म्हणून मला काय झालं ते दिसलं. मी म्हणालो होतो, “माय, बघ, मधू आला.” ती दाराकडे वळली, दादा. मधू आला म्हटल्यावर माणूस दाराकडेच बघणार, फोनकडे कशाला बघेल? तू फोन ठेवल्यावरही ती बराच वेळ तिकडे बघत होती.

ता. क. तिसरा, आणि खरं म्हणजे एवढंच लिहायचं होतं. तिच्या तुमसरमध्ये मी नाही, पण तू आहेस. सात-आठ वर्षांचा, दप्तर घेऊन शाळेत गेलेला. दुपार कलली की ती फाटकाशी जाऊन उभी राहते आणि गल्लीतल्या शाळेच्या व्हॅनमधून उतरणारी मुलं एक एक करून पाहते. परवा सकाळी मात्र तिनं दीप्तीला आपली बहीण समजून विचारलं, बापू आपल्याला जत्रेला कधी नेतील. तासाभरानं परत तुमसरला आली, पण दादा, ती आणखी खाली जायला लागली आहे. तिथं तूही नाहीस. आणि गेलेला थर परत लावता येत नाही, हे माझ्याकडून घे. तुझे पांढरे केस ती ओळखणार नाही, हे आधीच सांगतो, त्याचा राग मानू नकोस. पण आवाज ओळखेल असं मला फार वाटतं. आमचं घर तळमजल्यावर आहे. आलास की बेल वाजवू नकोस, बाहेरूनच तू मारायचास तशी हाक मार, “माय, भूक लागली.” मी एकदा मारून पाहिली. ती म्हणाली, “बसा साहेब, वाढते. पण ते झाकलेलं ताट घेऊ नका, ते माह्या मधूचं हाय.” ती झोपली की ते ताट रोज मी उचलतो. आता तू येऊन जेव.